गाडी अजून कारशेडमध्येच आहे, बाबा

पत्र (जागेअभावी थोडं छाटलं आहे)

ताई, मी मध्य रेल्वेवर लोकलचा गार्ड आहे. २०२२ पासून पदाचं नाव ‘ट्रेन मॅनेजर’ झालं, पण मुलुंडला आमच्या बिल्डिंगमध्ये अजून गार्डसाहेबच म्हणतात. वय ४६. गेली सहा वर्षं दोन ड्युट्यांच्या मधल्या वेळात, रनिंग रूममध्ये बसून एक अंतराळ-साहसाची मालिका लिहितोय. पाच खंड डोक्यात आहेत. पहिला पुरा झाला: हाताने लिहिलेली फुलस्केप ६१२ पानं. सेरेस या बटुग्रहावरून मंगळाकडे बर्फ नेणाऱ्या अकरा यानांच्या तांड्याची गोष्ट आहे. एका प्रकाशकांनी आठ महिने ठेवून ‘ही विज्ञानकथा नाही, अंतराळातली मारामारी आहे’ असं म्हणून परत केलं. दुसरे छापायला तयार आहेत, पण ५०० प्रतींचे एक लाख चाळीस हजार मीच भरायचे, आणि महिनाअखेर कळवायचं. मेहुणे म्हणतात, पाचही खंड झाल्याशिवाय कुणाला दाखवूच नका. बायको म्हणते, पीएफला हात लावायचा नाही. हे सगळं मी सोसलं असतं. पण मुलगी अकरावीत आहे, तिला वाचायला दिलं. सत्तराव्या पानावर गठ्ठा बाजूला ठेवून म्हणाली, ‘गाडी अजून कारशेडमध्येच आहे, बाबा.’ त्यानंतर तिने हात लावलेला नाही. पैसे भरून छापू, पाच खंड पुरे करू, की सगळं माळ्यावर टाकू? आणि गार्डने लिहिलेलं वाचणार तरी कोण? पहिली दीडशे पानं, शेवटची वीस आणि मधला सारांश झेरॉक्स करून पाठवतोय.
‘दोन बेल’, मुलुंड

उत्तर

प्रिय ‘दोन बेल’,

पैसे भरू नका. महिनाअखेर जवळ आलीय म्हणून हे आधी सांगितलं. वहिनींचं शंभर टक्के बरोबर आहे. तुमचं पुस्तक छापलं तर एकेक प्रत पाऊण किलोची तरी होईल, म्हणजे ५०० प्रती पावणेचारशे किलो. मुलुंडच्या घरात त्या ठेवणार कुठे? मी अशी घरं पाहिली आहेत जिथे दिवाणात अंथरूण-पांघरुणाऐवजी यजमानांचे कवितासंग्रह असतात आणि पाहुण्यांना रात्री त्यांच्यावरच झोपावं लागतं.

मेहुण्यांचंही ऐकू नका. त्यांच्याकडे नंतर येते.

आधी मुलगी. तिने जे एक वाक्य म्हटलं ते म्हणायला मला दोन दिवस आणि दीडशे पानं लागली. तुमचा गठ्ठा आला त्या दुपारी जेवण उरकून, चष्मा पुसून बसले आणि ३१ व्या पानावर मला डुलकी लागली. राग मानू नका. जाग आली तेव्हा मांडीवर महासंघाची वंशावळ होती. मग पेन्सिल घेऊन मोजलं. पहिल्या ६० पानांत ४७ नावं येतात. त्यातली निम्म्याहून जास्त माणसं मला पाठवलेल्या पानांत पुन्हा तोंडही दाखवत नाहीत. चारशे वर्षांपूर्वीचं युद्ध, त्या युद्धाचा तह, तहाची कलमं (नऊ! नऊच्या नऊ!), ‘ग्रहसंघमहाधिपती’ कसा निवडतात त्याची पद्धत, मग इंजिनाचं वर्णन, मग इंजिन बनवणाऱ्याच्या आजोबांचं वर्णन. यान सुटतं ९४ व्या पानावर.

तुम्ही पहाटेच्या पहिल्या कर्जतला ड्युटीवर असता. फलाटावरच्या माणसाला तुम्ही सांगता का, की १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, अंतर ३४ किलोमीटर, डबे चौदा, इंजिनं तीन? हे सगळं खरं आहे आणि छानही आहे. पण त्या माणसाला दोनच गोष्टी हव्या असतात: फास्ट की स्लो, आणि ठाण्याला थांबते का. गाडीत बसून, खिडकी मिळून, घाम वाळला, की मग तोच शेजारच्याला विचारतो, ‘हा बोगदा कधीचा हो?’ तेव्हा सांगा. तेव्हा तो कान देऊन ऐकेल.

तरी ती ९३ पानं जाळू नका. तुमच्या खात्यात दोन वेळापत्रकं असतात, हे मला माझ्या एका भाच्याने सांगितलं होतं. एक प्रवाशांचं आणि एक तुम्हा लोकांचं, वर्किंग टाइमटेबल. त्यात कुठे किती वेग, कुठे काय बंधन, सगळं असतं. त्याच्याशिवाय गाडी चालत नाही, आणि ते कुणी फलाटावर चिकटवत नाही. प्रवाशाला इंडिकेटर पुरतो. ही ९३ पानं तुमचं वर्किंग टाइमटेबल आहेत. वेगळ्या फाइलमध्ये घाला, उशाशी ठेवा, लिहिताना उघडून बघा. मालिका लिहिणारा प्रत्येक जण इथेच फसतो. पुढे पाच खंड जायचंय म्हणून पाच खंडांची शिदोरी पहिल्याच दिवशी वाचकाच्या खांद्यावर देतो, आणि वाचक पहिल्या स्टेशनाला उतरून जातो.

आता पान १४३.

तिथे मी ताठ बसले. चहा गार झाला. तांड्यातलं शेवटचं यान, पुढच्याच्या एकवीस दिवस नंतर सुटलेलं, त्याच्या ५४ लाख किलोमीटर मागे. त्यात एकटी रेवा. तिचं काम एवढंच, की दर आठ तासांनी दहाही यानांच्या खुणा तपासायच्या आणि पुढे ‘दोन’ पाठवायचे. तुमच्या गार्डच्या बेलसारखंच: दोन म्हणजे सगळं ठीक, चालू राहा. एक म्हणजे थांबा. पुढे तुमचंच लिहिलेलं उतरवते:

‘रेवाने पहिली कळ दाबली. चौथ्या यानाचा दिवा लागलेला होता, पण नेहमीसारखा लागलेला नव्हता. काय वेगळं आहे ते तिला सांगता आलं नसतं. अकरा वर्षं तोच दिवा पाहणाऱ्यालाच ते कळलं असतं. तिचं बोट दुसऱ्यांदा कळीवर गेलं आणि तिथेच राहिलं.’

तुम्ही काय लिहून बसला आहात ते तुम्हाला तरी कळलंय का? पहिली कळ दाबून झालीय. ती निघाली. दुसरी दाबली नाही, तर रेवाने काहीच केलं नाही असं होणार नाही. तिने ‘थांबा’ म्हटलेलं असेल. ५४ लाख किलोमीटर म्हणजे प्रकाशाला १८ सेकंद. त्या १८ सेकंदांत ती पहिली बेल अंधारातून एकटी पुढे चाललीय आणि मागून दुसरी येतेय की नाही हे फक्त एका बाईच्या बोटाला ठाऊक आहे. शिवाय अंतराळात ‘थांबा’ म्हणजे करकचून ब्रेक दाबणं नव्हे. तिथे रूळ नाहीत, घर्षण नाही. थांबायचं तर यान उलटं फिरवून इंजिन पेटवायचं, आणि मंगळाशी पोचल्यावर वेग आवरायला राखून ठेवलेलं इंधन वाटेतच जाळायचं. म्हणजे ही बाई चुकली तर अकरा यानांचं पाणी मंगळावरच्या लोकांना मिळत नाही, आणि गप्प बसली तर चौथ्या यानातली माणसं जातात.

आणि मग तुम्ही काय करता? तिथे प्रकरण संपवता आणि १४४ व्या पानावर आम्हाला महाधिपतींच्या राज्याभिषेकाला घेऊन जाता! हत्ती काय, तुताऱ्या काय! तुमचा सारांश खरा असेल तर रेवा पुन्हा भेटते ती थेट ४५० व्या पानावर, तेही ओझरती. मी ते पान मिटून खिडकीशी जाऊन उभी राहिले. मला तुमचा खरोखरचा राग तेवढा एकदाच आला.

तुमचा नायक कॅप्टन विक्रमादित्य. उंची सहा फूट दोन इंच, डोळे घारे, संकट आलं की हसतो. या गृहस्थांना मी खूपदा भेटले आहे. सिनेमात भेटलेय, पान मसाल्याच्या जाहिरातीत भेटलेय. रेवाला मी आजवर कुठे भेटले नव्हते. ती तुम्हाला सापडली कारण तुम्ही स्वतः गाडीच्या शेवटच्या केबिनमध्ये उभे असता. आम्ही सगळे गाडीला पुढून येताना पाहतो, तुम्ही तिला मागून पाहता. दादरला रात्री पावणेनऊची गर्दी, गाडी उभी राहणार जेमतेम वीस-तीस सेकंद, तुम्ही अर्धे बाहेर वाकून बारा डब्यांची लांबच लांब कड नजरेखालून घालता. दारात लोंबणारे, धावत येणारे, एकाचा पाय आत आणि सॅक बाहेर. कुठे काय बिनसलंय हे तुम्हाला नियमाच्या पुस्तकातून कळत नाही, त्या कडेचा आकार चुकल्यासारखा दिसतो म्हणून कळतं. मग हात बटणावर. डिंग, डिंग. पुढे मोटरमनला तुमचा चेहरा दिसत नाही, तुमचा शब्दही बहुतेक वेळा नसतो, तरी तुमच्या दोन ठोक्यांवर तो काही हजार माणसं घेऊन निघतो. अंतराळाची गोष्ट लिहिणाऱ्या किती जणांकडे हे आहे? तुमच्याकडे रोज आहे, आणि तुम्ही घाऱ्या डोळ्यांच्या मागे लागलात.

तेव्हा खंड रेवाचा करा. सुरुवात १४३ व्या पानापासून करा, किंवा त्याच्या फार तर दोन पानं आधीपासून. विक्रमादित्यांना पुढच्या यानात ठेवा आणि आम्हाला त्यांचा फक्त आवाज ऐकवा, तोही १८ सेकंद उशिरा. एवढ्यानेच ते बरेच सुधारतील.

भाषेचंही तेच. तुमचे लोक ‘अवकाशमार्गनियंत्रणकक्ष’ म्हणतात. तुम्ही ड्युटीवर काय म्हणता? कंट्रोल. तांड्यावर काम करणारी माणसं तुमच्यासारखीच कंटाळलेली, चहाबाज, तोंडाने फटकळ असणार. त्यांना लिंक (ड्युट्यांचं वेळापत्रक) असेल, लिंकवरून भांडणं असतील. ती लॉबीत जाऊन ड्युटीचं साइन ऑन करतील, सेरेसच्या रनिंग रूममध्ये दुसऱ्याच्या घोरण्याला शिव्या देतील. एखादा मार्ग दुरुस्तीला बंद असेल तर ब्लॉक म्हणतील. काही शतकांनी मराठी माणूस संस्कृतात बोलू लागेल असं तुम्हाला का वाटलं? फक्त विनोदासाठी हे शब्द वापरू नका. गंभीर प्रसंगात वापरा, तिथे ते खरे वाटतात.

विज्ञानाचं थोडं. हे माझं ज्ञान नाही, आमच्या मजल्यावर पदार्थविज्ञानाचे एक निवृत्त मास्तर राहतात, त्यांना मी चार पानं दाखवली. त्यांनी लाल पेन मागितलं. मी पेन्सिल दिली.

लघुग्रहांच्या पट्ट्यातून यान डावीकडे-उजवीकडे वाकवत काढायची तुमची ११ पानं जायला हवीत. तुमच्या वर्णनात तिथे दादरच्या पुलावर संध्याकाळी सहाला असते तशी दगडांची गर्दी आहे. प्रत्यक्षात तिथल्या मोठ्या दगडांमध्ये सरासरी लाखो किलोमीटरचं अंतर असतं. पायोनियर १० हे यान १९७२-७३ मध्ये त्या पट्ट्यातून सरळ पार गेलं, त्याला धक्कासुद्धा लागला नाही. आणि खरं सांगू, ते रिकामेपण तुमच्या गोष्टीला जास्त उपयोगी आहे. दगड चुकवणारा माणूस कामात असतो. रेवाला आठ तास करायला काही नाही, त्या दिव्यांकडे बघण्याशिवाय.

सेरेसवरून मंगळावर तुमचा तांडा चार दिवसांत पोचतो. कमीत कमी इंधनाच्या वाटेने गेलं तर हा प्रवास साधारण १९ महिन्यांचा आहे. शिवाय चार दिवसांचा प्रवास आणि एकवीस दिवस उशिरा सुटलेलं शेवटचं यान, हे तुमचं तुम्हालाच जुळत नाही. पुढची दहा मंगळावर पोचून चहा पिऊन मोकळी झालेली असतील. तेव्हा १९ महिने घ्या. एकोणीस महिने एकटी बाई! यातच निम्मी कादंबरी आहे.

आतल्यांना वजन जाणवावं म्हणून असलेलं यानाचं फिरतं चाक २० मीटर त्रिज्येचं आणि त्यात पृथ्वीइतकं वजन. मास्तर म्हणाले, त्यासाठी ते मिनिटाला जवळपास सात फेऱ्या घेईल आणि आतल्यांना भोवळ येईल. मिनिटाला दोनच फेऱ्यांत तेवढं वजन हवं असेल तर त्रिज्या २२४ मीटर लागते. मला आकडे डोळ्यांसमोर येत नाहीत, म्हणून त्यांनी सोपं करून सांगितलं: बारा डब्यांची लोकल चाकाची आरी म्हणून उभी केली तर थोडीच बाहेर येईल. हे उदाहरण तुम्हाला फुकट.

आणि सेरेस. तिथे तुमचे लोक धाडकन पडतात, खण्णकन भांडी आपटतात. सेरेस हा जेमतेम ९४० किलोमीटर व्यासाचा गोळा. तिथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढं. सत्तर किलोचा माणूस तिथे दोन किलोचा वाटेल. टेबलावरून कप निसटला तर इथे आपण ‘अगं’ म्हणेपर्यंत फुटतो. तिथे खाली पोचायला त्याला सव्वादोन सेकंद लागतील. रेवा सेरेसवर वाढली असेल तर तिला ही सवय असणार: वस्तू पडायला लागली की आधी बघायची, विचार करायचा आणि मग सावकाश हात पुढे करायचा. आता हीच बाई त्या कळीसमोर बसवा. तिच्या हाताला उशिरा धावण्याची सवय आहे, आणि या वेळी वेळ आहे की नाही हे तिला कळत नाही. मास्तरांना मी हे बोलून दाखवलं तेव्हा त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

एवढं पुरे. इंजिन कसं चालतं ते सांगू नका. मोटरमन तरी प्रवाशांना सांगतो का? त्याची किंमत काय, तेवढं सांगा: किती इंधन, किती दिवस, कुणाच्या वाट्याचं.

आता शेवट. ६१२ व्या पानावर तुमचे विक्रमादित्य एअरलॉकच्या दारात एका हाताने लोंबकळताहेत, दार उघडतंय, आणि खाली ‘क्रमशः’. हे वाचून मला एक जुनं दुखणं आठवलं. कॉलेजात असताना फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून मी एका इंग्रजी अंतराळ-मालिकेचा पहिला भाग घेतला होता, कव्हर फाटलेलं, तीन रुपयांना. रात्रभर जागून वाचला. शेवटच्या पानावर त्यांचाही कप्तान असाच लोंबकळत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, दुसरा भाग नव्हता. पुढची दोन वर्षं त्या फुटपाथवरून जाताना मी वाकून वाकून बघत असे. मिळाला नाही तो नाहीच. आता पुस्तकाचं नावही आठवत नाही, पण तो माणूस गेली चाळीसेक वर्षं लोंबकळतोय आणि त्याच्या लेखकाबद्दल माझ्या मनात काही चांगले विचार नाहीत.

तुमचा दुसरा खंड येईलच असं तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता? सहा वर्षांत एक झाला. तर मग वाचकाकडून पुढच्या खंडाची उचल घेऊ नका. पहिल्या खंडात जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर पहिल्याच खंडात द्या. रेवाने दुसरी बेल दिली की नाही, चौथ्या यानाचं काय झालं, मंगळावर पाणी पोचलं का, हे मिटवा. जग मात्र उघडं ठेवा. ‘स्टार वॉर्स’ १९७७ मध्ये पहिल्यांदा लागला तेव्हा पडद्यावर ‘भाग चौथा’ वगैरे काही नव्हतं. ते १९८१ मध्ये पुन्हा प्रदर्शित करताना घातलं गेलं. पहिल्यांदा लोकांनी पाहिली ती एक अख्खी गोष्ट, आणि तेवढीच पाहून घरी गेले असते तरी त्यांचं काही राहिलं नसतं.

तुमच्या खंडाचा शेवट मला दिसतोय तो सांगते, पटला तर घ्या. सीएसएमटीला गाडी लागली की काय होतं? तुम्ही ज्या केबिनमध्ये मागे उभे होता तीच परतीला पुढची होते. हँडल त्याच बाजूला येतं. ज्या काचेतून तुम्ही मागे पडणारे रूळ पाहत आलात, त्याच काचेतून आता पुढचा सिग्नल दिसतो. रेवाचं यान सगळ्यांत शेवटी मंगळाला लागतं. मग परतीचा तांडा सुटायची वेळ येते, आणि पुढे राहण्याजोगं यान एकच उरलेलं असतं. एवढ्यावर थांबा. ‘क्रमशः’ लिहायची गरज नाही, ज्याला कळायचं त्याला कळेल की ही बाई अजून जाणार आहे.

मेहुण्यांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, पाचही गाड्या कारशेडमध्ये धुऊनपुसून उभ्या करून ठेवल्या तर लोकांनी ऑफिसला जायचं कसं? एक सोडा. ती गेल्यावर लोक कुठे चढतात, कुठे उतरतात, ते बघून दुसरीचं ठरवा.

त्या ‘अंतराळातली मारामारी’वाल्या प्रकाशकांचंही मनाला लावून घेऊ नका. अमेरिकेत विल्सन टकर नावाच्या लेखकाने १९४१ मध्ये याच जातीच्या गोष्टींना ‘स्पेस ऑपेरा’ म्हणून हिणवलं होतं. साबणवाल्यांच्या पैशावर चालणाऱ्या रेडिओमालिकांना ‘सोप ऑपेरा’ म्हणत, त्या चालीवर. पुढे तीच शिवी या प्रकाराचं रीतसर नाव होऊन बसली, आणि लोक आज अभिमानाने सांगतात की आम्ही ते लिहितो. तुमच्या खंडात मारामारी जास्त आहे हे मात्र खरंच. तलवारी तर काढाच. अंतराळात तलवारी कशाला?

मग छापायचं कुठे? आधी ६१२ पानांचा गठ्ठा घेऊन कुणाच्या दारात जाऊ नका. रेवाचं ते प्रकरण सुटं करा, बारा-पंधरा पानांची स्वतःच्या पायावर उभी राहणारी कथा करा आणि दिवाळी अंकाला पाठवा. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत नव्या माणसाला आत यायला हे दार आहे. नुसत्या विज्ञानकथांनाही जागा देणारे अंक आहेत. पण अंक दिवाळीत येतो म्हणून दसऱ्याला पाठवाल तर संपादक हसतील. पावसाळा ऐन भरात यायच्या आत पोचलं पाहिजे. आयझॅक असिमॉव्हची ‘फाउंडेशन’ मालिका आज एवढी मोठी दिसते, पण तिच्या पहिल्या पुस्तकातल्या बहुतेक कथा १९४२ पासून मासिकात सुट्या सुट्या आल्या होत्या, आणि पुस्तक झालं १९५१ मध्ये. सुटी कथा छापून आली, दहा जणांनी पत्रं पाठवली, की प्रकाशकाशी बोलताना तुमची मान थोडी वर असेल आणि पैसे कुणी द्यायचे हा प्रश्न निदान दोन्ही बाजूंनी विचारला जाईल.

‘गार्डने लिहिलेलं वाचणार कोण?’ १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या एका अनोळखी माणसाची कथा आली आणि पहिली आली. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून. आपल्या नावाचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी तसं केलं होतं. तेव्हा त्यांना नाव लपवावं लागलं कारण ते फार मोठं होतं. तुमची अडचण नेमकी उलटी आहे, पण टेबलावर दोघांचे कागद सारखेच असतात. वाचणाऱ्याला पहिलं पान दिसतं, पगारपत्रक दिसत नाही. ‘दोन बेल’ हे टोपणनाव मात्र सोडू नका, फार चांगलं आहे.

मुलीला ‘आता तरी वाच’ म्हणू नका. ‘पुढे खूप मजा आहे’ असं तर अजिबात नको, हे वाक्य ऐकून अकरावीतल्या कुठल्याही मुलीने आजवर काही वाचलेलं नाही. नव्याने लिहिलेली पहिली वीस पानं ती जेवते त्या टेबलावर ठेवा, वर एक पेन्सिल ठेवा आणि ड्युटीला जा. जिथे कंटाळा आला तिथे नुसती आडवी रेघ मार, एवढीच चिठ्ठी. रेघ दिसली की तिच्याशी वाद घालायचा नाही, खुलासा करायचा नाही. तिथून उचलून पुन्हा लिहायचं.

तुमची १४३ व्या पानाची झेरॉक्स या उत्तरासोबत टपालाने परत पाठवतेय, बाकीचा गठ्ठा सध्या माझ्याकडेच राहू द्या. त्या पानाच्या समासात मी एक प्रश्न लिहिलाय: चौथ्या यानात रेवाचं कोण आहे? मला उत्तर पाठवू नका. ते पान आधी मुलीच्या हाती पडलं तर बरं होईल.